पिशवी तुमची, नाडी माझी

शाळेची स्मरणिका निघणार आहे. साबळेबाईंबद्दल दोन शब्द लिहून द्या, तुम्ही त्यांचे शेजारी, असा निरोप घेऊन परवा शाळेचा शिपाई दुकानात आला. मी म्हणालो, "दोन शब्द आत्ताच घेऊन जा, पण ते छापता येणार नाहीत." शिपाई हसला. तोही बाईंच्या हाताखाली राबलेला, त्यामुळे ते दोन शब्द कोणते हे त्याने विचारलं नाही.

बाई गाव सोडून गेल्यापासून लोक त्यांच्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. शिस्तीच्या होत्या म्हणतात, बोटांत जादू होती म्हणतात, वरून कडक पण आतून मऊ होत्या म्हणतात. माझं घर त्यांच्या घराला भिंतीला भिंत लावून आहे. आत एवढं मऊ काही असतं तर एखाद्या पावसाळ्यात भिंतीतून ओल तरी आली असती.

तर स्मरणिकेचं स्मरणिका बघेल. हे मी माझ्यासाठी लिहितोय.

ओतूरच्या बाजारपेठेत माझं कटलरीचं दुकान आहे. कटलरी म्हणजे सुरी-काटे नव्हे. बांगड्या, टिकल्या, लेस, बटणं, पिना, केसांचे चाप, आणि मागच्या एका कपाटात लोकरीचे गुंडे आणि क्रोशाच्या सुया. ते कपाट बाईंच्या क्लासवर चालायचं, म्हणून बाईंचं बोलणं ऐकून घ्यावं लागायचं. बाई शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दुपारी घराच्या पडवीत बायकांचा क्लास घेत. उंच, काटकुळ्या, सुती साडीला कडक इस्त्री, आणि पदराला अशी पिन की वारासुद्धा परवानगी घेऊन आत जाईल. खांद्याला स्वतः विणलेली मोरपंखी पिशवी. माझं नाव अशोक आहे हे त्यांना ठाऊक होतं. हाक मात्र "ए दुकानदार" अशीच यायची.

लोकर घ्यायला आल्या की त्या गुंडा आधी नाकाला लावत. मग टोक काढून पीळ उलगडत, दाताखाली धरून ओढत, आणि शेवटी बोटाला थुंकी लावून लाल लोकर माझ्याच पांढऱ्या टॉवेलवर घासत.

"रंग विकतोस की डाग विकतोस?"

"बाई, पक्का रंग हाय."

"मग टॉवेल लाल कशाने झाला? लाजून?"

दुकानात चार गिऱ्हाइकं असली की हे हमखास. एकदा एका गुंड्याच्या आत कारखान्याची गाठ निघाली. कारखान्यात गाठ मी मारत नाही, मी ओतुरात असतो. पण बाईंनी तो गुंडा भर बाजाराच्या दिवशी काउंटरवर आपटला आणि म्हणाल्या, "गाठीचे पैसे वेगळे लावलेत का?" तो गुंडा मी बदलून दिला. दुसरा घेऊन त्या निघाल्या आणि पायरीवरूनच म्हणाल्या, "यातही निघेल." निघाली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

गावात त्यांना मागून 'उसवबाई' म्हणत. त्याचं कारण त्यांच्या पडवीत बसलं की पहिल्याच दुपारी कळायचं. क्लासमध्ये मुख्य वस्तू एकच, क्रोशाची नाडीवाली पिशवी. विणायला बसणारीने आपली लोकर, सुया, अर्धवट काम ठेवायला पहिली वस्तू कोणती करायची, तर ही. बूड गोल आणि सपाट, त्यावर खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, फेऱ्या चढवत नेलेलं अंग, तोंडाशी जाळीची एक ओळ, आणि त्या जाळीतून समोरासमोरून ओवलेल्या दोन नाड्या. दोन्हीकडून ओढलं की तोंड बंद. कुणाचं काही चुकलं, तर कुठे चुकलं हे बाई कधी सांगत नसत. त्या काम हातात घेत, क्षणभर बघत, सुई काढून घेत आणि धागा ओढत. फेरीमागून फेरी सुटत जायची आणि पडवीच्या फरशीवर कुरळ्या लोकरीचा ढीग पडायचा. चूक सापडली की थांबतील, असं नाही. सगळंच काढत, पहिल्या साखळीपर्यंत.

"घाल परत."

एक नवीन नवरी यायची. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात द्यायला गुलाबी पिशवी करत होती. बुडाच्या तिसऱ्या फेरीत वाढवायचे खांब कमी पडले होते, त्यामुळे बूड सपाट न पडता वाटीसारखं वर आलं होतं. पण तोपर्यंत पोरीची पिशवी तोंडापर्यंत आली होती. बाईंनी ती टेबलावर उभी करून बघितली, पिशवी कलंडली, आणि बाईंनी धागा ओढायला घेतला. पोरगी ढसाढसा रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रडून लोकर भिजवू नकोस, आकसते." भिंतीपलीकडून हे ऐकून माझी बायकोसुद्धा रडली, आणि ती क्लासला जातही नव्हती.

एवढं मात्र खरं की उसवताना त्यांनी माणूस पाहिला नाही. सरपंचांच्या बायकोची पिशवी उसवली, डॉक्टरीणबाईंची उसवली. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "असू द्या हो बाई, मला कुठे दुकान टाकायचंय?" त्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही पेशंटलाही असंच म्हणता का?" डॉक्टरीणबाई परत आल्या नाहीत.

पण उसवणं परवडलं. खरी मेख नाडीत होती.

बाई पिशवी शिकवत, नाडी शिकवत नसत. पिशवी पुरी झाली, त्यांनी ती पास केली, की म्हणत, "ठेव इथे." मग पिशवी आत जायची, दार लागायचं आणि दोनचार दिवसांनी पिशवी नाडीसकट बाहेर यायची. ती नाडी मात्र बघण्यासारखी असायची. करंगळीएवढी गोल, विणलेली, चारी बाजूंनी सारखी, कुठे शिवण नाही की जोड नाही. कितीही वजन भरा, कितीही वर्षं ओढा, ताणून लांबायची नाही. कुणी विचारलं, "बाई, ही कशी करत्यात?" तर उत्तर ठरलेलं.

"पिशवी तुमची, नाडी माझी."

आणि गावाने हे मान्य केलं होतं, हीच गंमत आहे. ओतुरातल्या बायका कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण नाडी बाईंनीच घालायची असते हे त्यांना सूर्य पूर्वेला उगवतो तितकं सरळ वाटायचं. त्यामुळे बाईंची मर्जी फिरली की नाडी अडायची. क्लासमध्ये उलट बोललेली, हळदीकुंकवाला बोलवायला विसरलेली, दुसऱ्या दुकानातून लोकर आणलेली, अशा कितीतरी जणी उघड्या तोंडाची पिशवी घेऊन महिनोन्महिने फिरत. (तिसऱ्या प्रकाराबद्दल माझी तक्रार नव्हती.) मोबाइलवर बघून काही पोरींनी नाड्या केल्याही. दिसायला तशाच. पण आठवड्यात त्या ताणून अशा लांबायच्या, की खांद्यावरची पिशवी गुडघ्यावर आपटायची. एकीने वैतागून परकराची नाडी ओवली. बाईंना ती देवळात दिसली. सगळ्या बायकांसमोर बाईंनी विचारलं, "परकराची नाडी पिशवीला लावलीस, आता परकराला काय लावलंस?"

ती बिचारी पुढे कितीतरी दिवस देवळात गेली नाही. बाईंचं ते वाक्य मात्र गावभर झालं, आणि लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्याची नाडी अडली होती तोवर हसायला काय जातंय!

मग माझ्या बहिणीची अडली.

सुनंदा माझी धाकटी बहीण. चाकणला दिली होती. नवरा कंपनीत होता, हात उचलायचा. एका दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. आईला ते पटत नव्हतं आणि मामाला तर मुळीच नाही. मामा दर महिन्याला नारायणगावहून यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "पोरीची जात, किती दिस भावाच्या दारात बसणार? पाहुणं न्ह्यायला तयार हायेत. मी सोता जाऊन बोललोय." सुनंदा खाली मान घालून विणत बसायची. बाईंच्या क्लासला ती वर्षभर जात होती. तिच्याइतकं बाईंनी कुणाचंच उसवलं नसेल. पण ती रडायची नाही. बाई धागा ओढत आणि ही त्या सुटणाऱ्या धाग्याकडे टक लावून बघत राहायची. मला तेव्हा वाटायचं, पोरगी मारामुळे सुन्न झाली आहे.

घोडेगावला मुलींच्या एका खाजगी वसतिगृहात हस्तकला शिकवायला बाई हवी आहे, राहायला खोली मिळेल, असं कळलं तेव्हा सुनंदाने पहिल्यांदा मान वर केली. मामा म्हणाला, "बघा बाबा. लागली नोकरी तर ऱ्हा म्हनावं. न्हाई लागली तर पुढच्या महिन्यात मी तिला चाकणला घालून येनार. मग कुनी मधी पडायचं न्हाई." माझ्या आईने मान डोलावली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ठरलं." दुसरं काय म्हणणार होतो?

वसतिगृहाच्या मॅडमनी सांगितलं होतं, स्वतः केलेली एक वस्तू घेऊन या. सुनंदाने आपली राखाडी-पिवळी पिशवी घेतली. ती बाईंनीच पास केलेली, नाडीही बाईंनी घातलेली. आमच्या डोक्यात काही आलंच नाही. पिशवीला नाडी बाईंची असते, त्यात सांगण्यासारखं काय? मोटरसायकलवरून आम्ही निघालो, लेण्याद्रीच्या फाट्यावर चहा घेतला, आणि घोडेगावात वसतिगृहाच्या खोलीत शिरलो तर मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत साबळेबाई. जाणकार म्हणून मॅडमनी त्यांना बोलावलं होतं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपल्या गावच्या, आपल्या शेजारच्या, वर्षभर शिकवलेल्या. आता काम झालंच.

मॅडमनी पिशवी हातात घेतली, नाडी ओढून तोंड बंद केलं, उघडलं, परत बंद केलं. "छान आहे हो. नाडी तर फारच सुबक. सगळं तुम्हीच केलं?"

सुनंदा तोंड उघडणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "पिशवी तिची, नाडी माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे नाडी तिला येत नाही. नाडीशिवाय पिशवी म्हणजे नुसतं भोक. ही काय शिकवणार पोरींना?"

सुनंदाचे कान लाल झाले. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात परत या. इथे बसून, आमच्यासमोर, नाडी करून दाखवा. तोवर मी दुसऱ्या कुणाला घेत नाही."

बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. याचाच मला जास्त संताप आला. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

त्या संध्याकाळी सुनंदा बाईंकडे गेली. मी मागोमाग गेलो आणि पायरीवर उभा राहिलो.

"बाई, नाडी तेवढी शिकवा. मी कुनाला सांगनार न्हाई."

बाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाही."

"नोकरी न्हाई लागली तर मला चाकणला धाडनार हायेत, बाई. तुमाला सगळं ठावं हाय. भिताडाला भिताड हाय आपलं."

"माहीत आहे."

"मग?"

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. "तुला नाडी शिकवली तर तुला नोकरी लागेल. मला काय लागेल?" बाई शांतपणे बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "पिशवी काय, मोबाइलवर बघून कुणीही करतं. माझ्या पडवीत बायका येतात त्या नाडीसाठी येतात. नाडी गेली की बाई संपली. तुझ्यासाठी मी का संपू?"

मी पायरीवरून ओरडलो, "बाई, मानूस हायेत का कोन हायेत तुमी?"

"दुकानदार, चपला घालून आत येऊ नकोस," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. सुनंदाने पिशवी माझ्या दुकानात आणली, काउंटरवर ठेवली, तिच्या दोन नाड्यांपैकी एक उपसून बाहेर काढली आणि माझी लेस कापायची कात्री मागितली.

"अगं, येडी का खुळी? त्या एका नाडीवर तर—"

"दे दादा."

तिने नाडी बरोबर मधोमध कापली. कापलेल्या तोंडातून राखाडी लोकरीच्या आत काहीतरी भुरकट दिसलं. तिने चिमटीत धरून ओढलं. सुतळी. साधी, कांद्याच्या गोण्या शिवतात ती सुतळी, धुऊन मऊ केलेली. आमच्या मार्केट यार्डात ही पायाखाली पडलेली असते. म्हणून नाडी ताणत नव्हती! वजन लोकर घेतच नव्हती, आतली सुतळी घेत होती.

मी कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं बंद दाराआड काय जपलं, तर कांद्याची सुतळी! मला हसू येत होतं आणि बाईंच्या दारावर लाथ मारावीशीही वाटत होती.

"पन सुतळी आत घालायची कशी?" मी म्हणालो. "वरून तर कुठं शिवन न्हाई."

सुनंदा उत्तर द्यायला थांबली नाही. तिने कापलेल्या तोंडाशी लोकरीचा धागा पकडला आणि हळूहळू ओढायला लागली. नाडी सुटत गेली. एक घर, म्हणजे लोकरीचा एक फास, सुटायचं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, चार घरं झाली की परत पहिल्यावर. धागा कधी मागे वळत नव्हता, सुतळीभोवती एकाच दिशेने फिरत होता. ती अगदी तशीच टक लावून बघत होती जशी पडवीत बघायची. तेव्हा मला कळलं की पोरगी सुन्नबिन्न काही झालेली नव्हती. बाई ज्या ज्या वेळी तिचं उसवत, त्या त्या वेळी ती धागा कुठून निघतो आणि कुठे जातो ते बघत होती.

"दादा, चार दांडकी पायजेत, गोल. आनि मधी भोक. भोकातून सुतळी खाली सोडायची, आन् दांडक्यांवरनं लोकर फिरवायची."

ठिबक सिंचनाच्या नळीचा बोटभर तुकडा मी शेजारच्या हार्डवेअरमधून आणला. दुकानातलेच केसांचे आकडे घेतले आणि चिकटपट्टीने नळीच्या तोंडाभोवती चार बसवले. पहिली नाडी वाकडी झाली. दुसरी घट्ट झाली, नळीतून खाली उतरेना. सुनंदाने स्वतःच त्या उसवल्या. पुढच्या नाडीला मी टोकाला माझं किलोचं माप बांधून टांगलं. सकाळी बघितलं तर ती तसूभरही लांबली नव्हती.

दुसऱ्या फेरीलाही बाई घोडेगावला हजर होत्या. सुनंदाने पिशवीतून नळीचा तुकडा काढला, सुतळी सोडली आणि मॅडमसमोर वीतभर नाडी करून दाखवली. मी बाईंकडे बघत होतो. नळी बाहेर आली तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि नंतर तो काढलाच नाही. मॅडमनी नाडी त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती दोन्ही मुठींत धरून ताणली. परत ताणली.

मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "आत काय घातलंय हो तुम्ही?"

सुनंदा म्हणाली, "बाईंच्या नाडीत असतंय तेच. शिकवायला येईन तवा पोरींना सांगीन."

बाई चहा न घेता उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "टोकाला गाठ बेढब आहे," आणि एसटी पकडायला गेल्या.

नोकरी लागली. मामा आला, चहा प्यायला, चाकणचा विषय त्याने काढला नाही आणि पुढच्या महिन्यापासून तो आलाच नाही. सुनंदा वसतिगृहात राहायला गेली. रविवारी घरी यायची तेव्हा आमच्या ओट्यावर बायका जमायला लागल्या. तिने कुणालाही नाडी शिकवायला नाही म्हटलं नाही. मी नळीचे तुकडे आणि आकडे विकायला ठेवले. बाईंची पडवी हळूहळू रिकामी झाली. दुपारी भिंतीपलीकडून "घाल परत" ऐकू येईना. त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं, नाडी गेली आणि बाई संपली. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाई दुकानात यायच्या बंद झाल्या. पुढे त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली असं बायकोने सांगितलं. मग एक दिवस कळलं, नाशिकचा पुतण्या त्यांना घेऊन जाणार आहे, घर विकलं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते ओतूरच्या एसटी स्टँडवर. सुनंदाला घोडेगावला जायचं होतं, मी तिला सोडायला गेलो होतो. बाकावर साबळेबाई बसल्या होत्या. साडीला तीच कडक इस्त्री. पुतण्या सामान गाडीत चढवत होता. बाईंच्या मांडीवर ती मोरपंखी पिशवी होती. तोंड नीट बंद झालेलं नव्हतं आणि फटीतून आत एक जुनं लाकडी रीळ दिसत होतं, तोंडावर चार खिळे ठोकलेलं. मग माझी नजर पिशवीच्या नाडीवर गेली. पांढरी, चपटी, बाजारातली. परकराची नाडी.

जुनी नाडी झिजून तुटली असणार, आणि बोटांनी आता ती चार खिळ्यांवरची फिरवाफिरव होत नसणार. कुणाला करून मागणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं.

माझ्या जिभेवर ते देवळातलं वाक्य आलं. किती दिवस वाट बघत होतं ते! मी पुढे झालो, तोंड उघडलं, आणि सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाचेने. मग ती बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आपल्या पिशवीतून तिने नाड्यांची एक नवी जोडी काढली. वसतिगृहातल्या पोरींना दाखवायला केलेली, योगायोगाने बाईंच्या पिशवीसारखी निळीच.

"बाई, ह्या घ्या. ओवून देऊ?"

बाईंनी जोडी हातात घेतली. एक नाडी बोटांतून सरकवत नेली, सुजलेल्या बोटांनी ताणली, टोकाची गाठ चाचपली. गाठ आता बेढब नव्हती. मला वाटलं, आता तरी. पण बाईंनी पिनेच्या टोकाने ती गाठ सोडवली, शेवटचा टाका शोधला आणि धागा ओढला.

नाडी सुटायला लागली. बोटं दुखत असणार, मधेच थांबत होत्या, पण ओढत राहिल्या. निळी कुरळी लोकर त्यांच्या पायाशी पडत गेली. मला शिवी आली होती तोंडात. मी सुनंदाकडे बघितलं. ती नेहमीसारखी धाग्याकडे बघत नव्हती. बाईंकडे बघत होती.

"उसवा बाई," ती म्हणाली. "मला येती परत करायला."

बाईंचा हात थांबला. क्षणभरच. मग त्यांनी उरलेलं सगळं ओढून काढलं, पहिल्या घरापर्यंत. हातात नुसती सुतळी राहिली. त्यांनी परकराची नाडी पिशवीतून उपसून बाकाखाली टाकली आणि सुतळी पिशवीच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळून गाठ मारली.

"सुतळी चांगली धुतलीस," त्या म्हणाल्या.

पुतण्याने हाक मारली. बाई उठल्या, लोकरीचा ढीग ओलांडून गाडीत चढल्या आणि पलीकडच्या खिडकीशी बसल्या. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. गाडी फाटकातून वळून गेल्यावर सुनंदा खाली बसून लोकर गुंडाळायला लागली.

मी म्हणालो, "दुसरी नाडी कुठं गेली?"

"त्यांच्याकडं हाय," ती म्हणाली. "मुठीत धरली व्हती."

"म्हंजे एक उसवली आन् दुसरी घेऊन गेली? बघ, जाता जाता सुदिक!"

सुनंदाने गुंडा पिशवीत टाकला, दोन्ही नाड्या ओढून तोंड बंद केलं आणि घोडेगावची गाडी कुठे लागलीय ते बघायला पुढे गेली.